बर्फाच्या कप्प्यातली बाटली

आमच्या घरात दोन फ्रीज आहेत. वरच्या मजल्यावरचा लोकांना दाखवायचा. त्याला काळी काच आहे आणि दारातच थंड पाण्याचा नळ आहे, ज्याला आजपर्यंत कुणी पाणी जोडलेलं नाही. खालचा मासळीचा. माझ्या मुलीचं इन्सुलिन वरच्या फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या खालच्या खणात, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतं. त्या डब्याला घरात दुसरं कुणी हात लावत नाही. हात लावला तर आजार आपल्यालाही चिकटेल असं त्यांना वाटतं. एकदाच लावला, त्याचंच हे लिहिते आहे.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि घरात सांभाळायला धाकटी भावंडं होती. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली तरी मोठे दीर समोर आले की आवाज घशातच राहतो. पण आकडे मला नीट मांडता येतात. रोज सकाळ-संध्याकाळ मुलीच्या बोटातून थेंब काढायचा, पट्टीवर घ्यायचा, मशीनवर आलेला आकडा वहीत लिहायचा, शेजारी किती युनिट टोचलं ते लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात काही वेगळं घडलं असेल तर ते. ती वही ठाण्याच्या हॉस्पिटलची आहे, तिच्यात मी माझं काही लिहीत नाही. हे मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीत लिहिते.

मुलगी सात वर्षांची असताना आजार निघाला. तांब्या तांब्या पाणी प्यायची, अंथरूण ओलं करायची, हातापायांच्या काड्या झाल्या. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. नवरा म्हणाला, उन्हाळा आहे, पोरं पाणी पितातच. तेव्हा दिवाळी होऊन महिना झाला होता. शेवटी ती वर्गात पडली आणि शाळेच्या बाईंनी तिला रिक्षात घातलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकदम घाई झाली.

ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी तिच्या शरीराने स्वतःच मारून टाकल्या आहेत. गोड खाऊन झालेलं नाही, कुणाच्या चुकीने झालेलं नाही. रोज सुई, आयुष्यभर. मी विचारलं, बरी कधी होईल?

"पूर्ण बरं करणारा इलाज आज जगात नाही," त्या म्हणाल्या. "शोध चालू आहे. त्यातलं थोडं काम इथेही होतं. तुम्ही मदत कराल का?"

मदत म्हणजे दर तीन महिन्यांनी मुलीच्या रक्ताच्या तीन नळ्या, आणि ती वही. "तिला स्वतःला याचा उपयोग होईलच असं मी सांगत नाही," असंही त्या म्हणाल्या. त्या बाई मला तिथेच आवडल्या. 'सांगता येत नाही' असं आमच्या घरात कुणाच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"रक्त कशाला द्यायचं? आधीच पोरीच्या अंगात न्हाय," नवरा म्हणाला. मी कागद ओढून सही केली. मग त्यानेही केली, कारण गळ्यात स्टेथोस्कोप असलेल्या माणसापुढे तो फार शहाण्यासारखा वागतो.

जगात नसलेला इलाज आमच्या नात्यात मात्र घरटी एक आहे. नणंदेचा इलाज कारल्याच्या रसाचा. मावससासूंचा इलाज अंबाडी नाक्यावर बसतो आणि फोनवरून नाडी बघतो. "फोन छातीला लावायचा न् गप बसायचं. त्याला सगळं कळतं," त्यांनी मला सांगितलं. "फक्त पहिली सुई बंद करायला लागंल." सुई बंद केलेल्यांपैकी किती जण परत येऊन गुण आला म्हणाले, हे मी विचारलं नाही. जे खरोखर शोधायला बसलेत ते वर्षानुवर्षं नळ्या गोळा करतात आणि म्हणतात, अजून कळलं नाही. आमच्याकडे पंगतीत बसलेला माणूस पापड येईपर्यंत इलाज सांगून मोकळा होतो.

मोठे दीर याच्याही पुढचे. शेतांवर गोडाऊन उभी राहिल्यापासून त्यांना समाजसेवा आठवली आहे. मागच्या वाढदिवसाला त्यांनी आमच्याच अंगणात साखर तपासणीचं शिबिर ठेवलं. रस्त्याला बॅनर लागला. त्यावर हात जोडलेले ते, गळ्यात साखळी, आणि खाली 'मधुमेहमुक्त गाव'. माईकवर ते बराच वेळ बोलले. संशोधनाला हातभार लावणं हे आपल्या प्रत्येकाचं कर्तव्य आहे, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या सकाळी जाऊबाई वर येऊन मला सांगून गेल्या होत्या, "तुझ्या बायला आज खाली नको आणू. लोकं उगाच विचारतात." म्हणून सगळ्या गावात स्वतःची साखर स्वतः तपासता येणारी एकुलती एक मुलगी वरच्या खिडकीतून शिबिर बघत होती. "आई," ती मला म्हणाली, "ती बाई सगळ्यांचं बोट मधोमध टोचतेय. कडेला टोचायचं, दुखंल ना."

आता ती अकरा वर्षांची आहे.

यंदा जाऊबाईंच्या मुलीला बघायला कशेळीचे पाहुणे येणार होते. त्यांचीही गोडाऊन, आमचीही गोडाऊन, म्हणजे जोडा जुळल्यातच जमा होता. आदल्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "तू न् बाय सकाळीच आईकडं जा. दिवेलागणीला या." का, हे मी विचारलं नाही. घरात एका पोरीला आजार म्हटलं की दुसऱ्या पोरीकडेही लोक संशयाने बघतात. मी चालू बाटली बर्फाच्या पिशवीत घातली आणि मुलीला घेऊन माहेरी गेले. तीन नव्या बाटल्या डब्यात राहिल्या.

संध्याकाळी परत आलो तर घरभर पेढ्यांचे डबे. पसंती झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवीतली चालू बाटली परत ठेवायला डबा उघडला. तिन्ही नव्या बाटल्या जागेवर होत्या. कुणी हात लावला असेल अशी शंकासुद्धा मला आली नाही.

चार दिवसांनी चालू बाटली संपली आणि मी नवी काढली. हे औषध पातळ दुधासारखं असतं. ठेवलं की खाली बसतं, म्हणून टोचण्याआधी बाटली दोन तळहातांत हळूहळू फिरवायची. नवी बाटली कितीही फिरवली तरी काचेला बारीक कण चिकटून राहत होते, ताकात लोणी फुटावं तसे. मी ते बघितलं. पुन्हा फिरवली. या खेपेचा माल असाच असेल, असं मनाला सांगितलं. हॉस्पिटलचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहिलेला आहे. पण फोन कोण उचलेल, मराठीत बोलेल की इंग्रजीत, मी काय सांगणार, या विचारात मी तो लावला नाही. घरच्यांची लाज काढायला बसले आहे, म्हणून आधी माझी सांगून टाकते.

आकडे चढायला लागले. दोनशे नव्वद. तीनशे साठ. चारशे दहा.

"पेढं खाल्लं असंल चोरून," सासूबाई म्हणाल्या.

"नाय खाल्ला मी," मुलगी म्हणाली.

"मंग मशीन खोटं बोलतंय काय?"

जाऊबाई हसल्या. "असू दे गो, पोरं ती. जिभेला काय कुलूप घालणार?"

माझा नवरा समोर बसून भाकरी मोडत होता.

तिसऱ्या दिवशी मी मुलीचं दप्तर उपसलं. कंपासपेटीत कागदात गुंडाळलेला पेढा निघाला. मी तिच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. कागद उलगडून तिने पेढा माझ्यासमोर धरला.

"आख्खा हाय," ती म्हणाली. "बघ ना. आख्खा हाय."

पेढ्याला हिरवी बुरशी आली होती. वर दाबलेल्या हलवायाच्या बोटाचा ठसा जसाच्या तसा होता.

"मग ठेवलास कशाला?"

"आजीनं दिला त्या दिवशी. नको बोलली तर ओरडते, तुझ्या आईनं शिकवलंय, माझ्या हातचं खात न्हायस. म्हणून घेतला न् ठेवला."

म्हणजे सासूबाईंनी स्वतःच्या हाताने तिला पेढा दिला, आणि त्याच पेढ्याची चोरी तीन दिवस तिच्यावर लावली. तेव्हा तरी मला सगळं कळायला हवं होतं. कळलं एवढंच, की मी तिला उगाच मारलं. साखर का चढते ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. असा वास आला की एक मिनिट थांबायचं नाही, हे हॉस्पिटलमध्ये मला पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतलं होतं. मी नवऱ्याला गाडी काढायला सांगितली. सासूबाई लिंबू घेऊन दारात उभ्या. "बाहेरची बाधा हाय. उतरवते, मंग जा." मी मुलीला उचललं आणि त्यांच्या बाजूने निघून आले. उत्तर दिलं नाही. उत्तर तसं मी कधीच देत नाही, पण त्या दिवशी थांबलेही नाही.

कशेळीच्या पुलावर कंटेनरमागे कंटेनर. नवरा हॉर्न वाजवत होता, जणू कंटेनर हॉर्नला घाबरून खाडीत उडी मारणार होते. मुलीचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती धावून आल्यासारखा श्वास घेत होती. चालू बाटली मी मुठीत आवळून धरली होती. का घेतली, मला माहीत नाही.

तिला सलाईन लावल्यावर डॉक्टरबाईंनी ती बाटली माझ्याकडून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"ही गोठली होती," त्या म्हणाल्या. "कुठे ठेवता?"

"दारात. रोज दारातच."

"दारात गोठत नाही. कुणीतरी बर्फात ठेवली होती. हे औषध एकदा गोठलं की वाया गेलं. मग तुम्ही तिला पाणी टोचताय असं समजा."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो मोबाईलकडे बघत होता. मोबाईल बंद होता.

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"आई बोलली, पाहुणे पाण्याला फ्रीज उघडतील, बाटल्या दिसतील. खालच्या फ्रीजमधी टाक."

"खालच्या फ्रीजमध्ये कुठं?"

"वर. बर्फाच्या कप्प्यात. कोळंबीच्या पिशव्यांखाली." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "थंडच लागतं ना त्याला? मंग जास्त थंड झालं तर काय बिघडतं? पाहुणे गेल्यावर काढल्या, वितळू दिल्या, मगच डब्यात ठेवल्या. फुटली न्हाय एकपण."

एकही फुटली नाही याचा त्याला अभिमान होता. माझा नवरा चांगला माणूस आहे असं सगळे म्हणतात. दारू पीत नाही, हात उचलत नाही. मुलीला चोर म्हणत होते तेव्हा याच्या हातांना त्या बाटल्यांचा गारवा आठवला नाही. सुचलंच नाही, म्हणतो. खरंच सुचलं नसेल. सुचण्यासाठी आधी तिच्याकडे बघावं लागतं.

मुलगी वाचली. तीन दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरबाईंनी वही उघडली. "हे आकडे आहेत तसेच राहू द्या. शेवटच्या रकान्यात कारण मात्र खरं लिहा. खोटं कारण लिहिलंत तर ते बाकीच्या सगळ्या मुलांच्या नोंदींत मिसळतं, आणि मग शोधणाऱ्यांनी काय शोधायचं?"

घरी आलो तर खाली हॉलमध्ये सगळे जमले होते. मोठ्या दिरांनी मला उभं केलं.

"वहीत काय लिवणार हायस?"

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"ती वही कुठंकुठं जाते. घरातल्यांनी औषध खराब केलं असं लिवलंस तर उद्या चौकशी लागंल. त्यात लग्न तोंडावर. लिव, पोरीनं मिठाई खाल्ली. पोर हाय, खाल्ली. कोण काय बोलणार न्हाय."

"हाव ना," सासूबाई म्हणाल्या. "तिला काय फरक पडतो? तिला कोण फाशी देतंय?"

संशोधनाला हातभार लावणं हे प्रत्येकाचं कर्तव्य. हेच तोंड, माईकवर. मी त्या तोंडाकडे बघत राहिले. तेव्हा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर माझी मुलगी उभी दिसली. तिने सगळं ऐकलं होतं, आणि आता ती माझ्याकडे बघत होती. एकदा थोबाडीत मारून झालं होतं. आता तेच कायमचं कागदावर लिहायचं होतं. ती मोठी झाल्यावरही तिथे तेच राहणार होतं, की हिने चोरून खाल्लं.

मी काही बोलले नाही. माझं गप्प राहणं म्हणजे हो, असं त्यांनी धरलं. सोळा वर्षं ते तसंच होतं, त्यांची तरी काय चूक? वर गेले, वही काढली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'बाटल्या मासळीच्या फ्रीजमध्ये बर्फात लपवल्या होत्या. औषध गोठलं. मुलीने काही खाल्लं नव्हतं.'

मुलीने शेजारी बसून वाचलं.

"आजीचं नाव नाय लिवलंस?"

"यात नावं लिहायची नसतात."

तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. "मंग, पेढा आख्खा होता, ते लिव."

रकाना संपला होता. मी समासात लिहिलं.

हळदीच्या दिवशी सासूबाई पुन्हा आल्या. "डबा खोलीत ने. बायका येतील, फ्रीज उघडतील." मी डब्यावर हात ठेवून उभी राहिले. तो काढला नाही. त्यांनी जरा वाट बघितली आणि गेल्या. दुपारी कशेळीहून हळद घेऊन बायका आल्या. नवऱ्या मुलाची काकी थंडाची बाटली घ्यायला फ्रीजपाशी आली आणि तिने डबाच उघडला.

"यो कशाचा गो डबा?"

जाऊबाईंच्या हातातला झारा कढईवर थांबला. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरी एखादी जमिनीत गेली असती.

"माझ्या मुलीचं औषध आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तिला रोज टोचावं लागतं."

"हाव? बारक्या पोरींना पण होतंय काय?" मुलगी तिथेच होती. काकीने तिला विचारलं, "दुखतं काय गो?"

"तुला टोचून दाखवू?"

सगळ्या बायका हसल्या. काकीने डबा लावला, थंडाची बाटली घेतली आणि नाचायला निघून गेली. एवढंच झालं. लग्न लागलं, जेवणाची तारीफ झाली, नवरी सुखात आहे. या एवढ्याशा प्रश्नाला घाबरून या माणसांनी माझ्या मुलीचं औषध कोळंबीखाली पुरलं होतं. मोठ्या दिरांनी पुढच्या शिबिराचा बॅनर आत्ताच छापायला दिला आहे. या वेळी फोटो आणखी मोठा आहे म्हणतात.

गेल्या आठवड्यात आम्ही ठाण्याला गेलो. वहीतले आकडे कॉम्प्युटरवर चढवणारी मुलगी त्या पानावर थांबली. "औषध कुणी गोठवलं?"

"घरच्यांनी."

"आणि हे समासात काय? पेढा आख्खा होता?"

"ते पण घ्या," मी म्हटलं.

तिने बोटांनी टपटप करून ते घेतलं. मग नर्सने माझ्या मुलीच्या दंडाला पट्टा बांधायला घेतला. मुलगी हात पुढे करेना. सुईला ती कधी घाबरत नाही, म्हणून नर्सला नवल वाटलं.

"रक्त कुठं ठेवता तुम्ही?" मुलीने विचारलं.

"फ्रीझरमध्ये. खूप थंड असतो, घरच्यासारखा नाही."

"त्यात कोळंबी नाय ना?"

नर्स हसायला लागली. मुलगी हसली नाही. हात तसाच छातीशी धरून तिने पुन्हा विचारलं. मग नर्स हसायची थांबली आणि नीट म्हणाली, "नाही गं. फक्त तुमचं रक्त. प्रत्येक नळीवर नंबर असतो, आणि चावी आमच्याकडे असते."

तेव्हा तिने हात पुढे केला.